उजनीकाठची चूल आणि तळण

भीमा नदीच्या खोऱ्याचा जो भाग आज उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयाच्या पाण्याखाली किंवा त्याच्या काठावर आहे, म्हणजे करमाळा आणि माढा या तालुक्यांतील नदीलगतची गावे व पैलतीरावरचा, एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणारा इंदापूर परगणा, त्याचा इतिहास लिहिणारे लेखक नदी, दुष्काळ, लोहमार्ग, धरण आणि ऊस यांच्याविषयी विस्ताराने लिहितात. चुलीविषयी मात्र बहुधा कोणी लिहीत नाही. वास्तविक ज्या मुलखात पाऊस बेभरवशाचा आणि वृक्ष विरळ, तेथे अन्न शिजवणारा अग्नी हा धान्याइतकाच कष्टसाध्य असतो, आणि तो कोणी गोळा केला, कोणत्या पदार्थासाठी खर्चिला व कोणत्या पदार्थासाठी राखून ठेवला, यावरून त्या समाजाची राहणी जितकी स्पष्ट कळते तितकी ती दफ्तरातील जमाबंदीच्या आकड्यांवरूनही कळत नाही. गेल्या काही वर्षांत याच काठावरच्या घरांत, विशेषतः ज्यांची मुले पुण्यात नोकरीस आहेत अशा घरांत, एअर फ्रायर नावाचे यंत्र येऊ लागले आहे. ते तेल वाचवते आणि इंधनही वाचवते असा त्याचा लौकिक आहे. तो कितपत खरा हे ठरवण्यापूर्वी या काठावर तळण म्हणजे काय होते आणि त्याचे जळण कोठून येत होते, हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

धरणापूर्वीची ही काळी जमीन रब्बीची होती. ज्वारी, तूर, हरभरा आणि करडई ही तिची पिके. ज्या मालदांडी ज्वारीचे नाव सोलापूर जिल्ह्याबाहेरही आदराने घेतले जाते, तिचा निवडक वाण याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात सिद्ध झाला. या पिकांनी माणसाला धान्य दिले, जनावराला कडबा दिला आणि चुलीला जे उरेल ते दिले: ज्वारीची धसकटे, तुरीच्या तुराट्या, करडईची वाळलेली काटेरी झाडे. नदीकाठची व बांधावरची बाभूळ औतासाठी आणि घराच्या लाकूडकामासाठी राखलेली असे, त्यामुळे तिच्या फांद्यांवरच चुलीचा हक्क पोचे. उरलेली गरज शेणाच्या गोवऱ्या भागवीत, आणि पावसाळ्यापूर्वी घरामागे रचलेला गोवऱ्यांचा हुडवा किती उंच आहे, यावरून त्या घरच्या बायकांनी उन्हाळ्यात किती राबणूक केली ते सगळ्या आळीला दिसे.

प्रत्येक जळणाचा स्वभाव निराळा, आणि तो ओळखून स्वयंपाक करणे ही एक विद्याच होती. तुराटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, म्हणून ती भाकरीच्या तव्याखाली घालावयाची. गोवरी धुमसत राहते, म्हणून तिच्यावर दूध ठेवावयाचे. बाभळीचा निखारा दीर्घकाळ टिकतो, म्हणून डाळ आणि हुलगे त्याच्या स्वाधीन करावयाचे. मुख्य चुलीतून निसटणारी आच वाया जाऊ नये म्हणून तिच्या शेजारी वैल असे व त्यावर आमटी गरम राही, आणि भाकऱ्या झाल्यावर उरलेल्या आरावर वांगी किंवा मिरच्या भाजून निघत. तळणाला मात्र यांपैकी कोणतेच एक जळण पुरत नसे. कढईतील तेल एकदा तापले की ते त्याच तापावर अर्धा-पाऊण तास राहिले पाहिजे. आच मंदावली तर पुरी तेल पिते, वाढली तर वरून करपून आत कच्ची राहते. म्हणून तळणाच्या दिवशी चुलीपाशी एक बाई लाटण्यास, एक तळण्यास आणि एक केवळ लाकूड पुढेमागे सारण्यास लागे, आणि त्या दिवसासाठी बाभळीच्या चांगल्या सरपणाचा भारा आधीपासून बाजूला काढून ठेवावा लागे.

तेलाची गोष्टही तशीच. करडई घरची असली तरी तेल तेल्याच्या घाण्यावरून येई. तेली हा गावगाड्यातील अलुतेदारांपैकी एक. बी त्याच्याकडे पोचवावे, तेल व पेंड न्यावी आणि गाळण्याचा मोबदला धान्यात किंवा तेलात द्यावा, अशी वहिवाट होती. घरी आलेल्या तेलाचे वाटेकरी पुष्कळ: देवापुढचा दिवा, रात्रीची समई, डोक्याचे तेल, गाडीच्या कण्याचे वंगण आणि शेवटी फोडणी. इतक्या वाटण्या झाल्यावर कढईभर तेल एकाच दिवशी ओतणे हे वर्षातून काही ठरलेल्या प्रसंगीच शक्य होई, आणि समाजाने ते प्रसंग आचारधर्मात बांधून टाकले होते. आषाढात आखाड तळावयाचा, म्हणजे गुळाच्या कापण्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या करावयाच्या व लेकीच्या घरी पाठवावयाच्या. नवरात्रात देवीच्या फुलोऱ्यासाठी कडाकण्या तळावयाच्या. दिवाळीत कढई चढवावयाची. याच्या उलट नागपंचमीस तवा ठेवावयाचा नाही, काही चिरावयाचे नाही आणि तळावयाचे तर मुळीच नाही, त्या दिवशी उकडलेले दिंड करावयाचे. आणि ज्या घरात सुतक आहे तेथे कढई चढत नसे, इतकेच नव्हे तर ज्यांच्या घरी वर्षात दुःख घडले त्यांना दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांनी नेऊन द्यावा, ही रीत अद्यापही पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. तळण हे मांगल्याचे चिन्ह झाले याचे कारण, माझ्या मते, त्याच्या चवीत जितके आहे तितकेच त्याच्या दुर्मिळतेत आहे: तेल आणि उत्तम सरपण या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घरात असणे हेच मुळी सुबत्तेचे लक्षण होते.

म्हणून रोजच्या जेवणातील कुरकुरीतपणा या मुलखाने तेलाविना साधला, आणि त्या बाबतीत त्याची परंपरा फार संपन्न आहे. मार्गशीर्ष-पौषात शेतातच खड्डा करून, त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवून ज्वारीची कोवळी कणसे भाजावीत आणि हातावर चोळून हुरडा काढावा, हा सोलापूरचा लौकिक सर्वश्रुत आहे. कडक भाकरी ही तर पातळ थापून, भाजून, आचेच्या आधाराने पूर्ण वाळवलेली भाकरीच. ती अनेक दिवस टिकते, म्हणजे एका दिवसाच्या विस्तवावर पुढच्या अनेक दिवसांचा स्वयंपाक होतो. पापड, कुरडया आणि सांडगे यांना उन्हाळ्याचे ऊन अर्धेअधिक सिद्ध करून ठेवी, आणि पापड निखाऱ्यावर क्षणभर धरला की पुरे. परंतु या सर्वांत मला विशेष विचारार्ह वाटतो तो भडभुंज्याचा धंदा. उजनीच्या खालच्या अंगास भीमा पंढरपुरास पोचते, आणि तेथून परतणारा वारकरी चुरमुरे, फुटाणे आणि बत्तासे यांचा प्रसाद घेतल्यावाचून येत नाही. हे चुरमुरे-फुटाणे भट्टीवरच्या कढईत, तापलेल्या वाळूत भाजले जातात. वाळूचा प्रत्येक कण दाण्याला सर्व बाजूंनी बिलगतो, दाण्यातील ओलाव्याची वाफ होते, ती बाहेर पडताना दाणा फुलतो, आणि चाळणीने वाळू झाडली की तेलाचा थेंबही न लागता कुरकुरीत पदार्थ हाती येतो. उष्णता चहूकडून आणि वेगाने पोचवावी व ओल झटपट बाहेर काढावी, हेच एअर फ्रायरचेही तत्त्व आहे. वाळूच्या जागी तेथे वारा आला एवढेच.

लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोचला आणि त्याची वाट याच नदीकाठाने गेली. डिकसळच्या पुलावरून भीमा ओलांडून गाडी करमाळा तालुक्यात येई. या मार्गाने बाहेरचा माल आला, त्यात रॉकेलचे डबे आले. दिव्याचे तेल स्वयंपाकघरापासून निराळे झाले आणि करडईच्या तेलावरील एक मोठा वाटेकरी कमी झाला. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघालेला प्रायमस स्टोव्ह पुढे शहरांतून तालुक्यांच्या गावी आला खरा, पण खेड्यात तो पाहुण्याच्या चहापुरताच राहिला, कारण रॉकेल रोख पैशाने घ्यावे लागे आणि गोवरी घरच्या शेणाची होती.

विजेच्या इतिहासात या खोऱ्याच्या वाट्यास आलेला एक अन्याय सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. भीमेच्या उपनद्यांचे सह्याद्रीतील पाणी अडवून, ते पश्चिमेकडे कोकणात सोडून, त्यावर वीज उत्पन्न करण्याची टाटांची योजना १९१५ मध्ये खोपोलीस आणि १९२७ मध्ये भिरा येथे कार्यान्वित झाली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तो याच प्रकरणी. जे पाणी निसर्गक्रमाने मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून करमाळ्याच्या काठाने वाहिले असते, त्याने मुंबईच्या गिरण्या आणि ट्रामगाड्या चालविल्या. काठावरच्या घरांत त्या वेळी रॉकेलचा दिवा होता, आणि पुढे दीर्घकाळ तोच राहिला.

उजनी धरणाच्या बांधकामास १९६६ मध्ये आरंभ झाला आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणारा हा जलाशय पसरट असल्यामुळे त्याने खोलीपेक्षा विस्तार अधिक घेतला. जुना लोहमार्ग बुडिताखाली गेला व गाडी दुसरीकडून न्यावी लागली, पळसदेवचे प्राचीन देवालय पाण्यात गेले, आणि अनेक गावांची गावठाणे, मळे व नदीकाठची बाभूळबने नाहीशी झाली. विस्थापितांना नवी गावठाणे मिळाली, जमिनीचा मोबदला मिळाला, कमी मिळाला, उशिरा मिळाला. या कज्जांची कागदपत्रे कचेऱ्यांतून आजही हालत असतील. पण ज्या गायरानात शेण वेचावे आणि ज्या काठावर सरपण तोडावे ती वहिवाट कोणत्याच सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिचा मोबदला कोणाच्या हिशेबात आला नाही. तो तोटा सर्वस्वी बायकांचा होता. नव्या वसाहतींच्या भोवती वेडी बाभूळ माजली आणि तिनेच पुढची काही वर्षे चुली पेटत्या ठेवल्या, हे तिच्या काट्यांना शिव्या देताना विसरले जाते.

धरणाच्या पाण्याने पीक बदलले आणि पिकाबरोबर जळण बदलले. ज्वारी-तुरीच्या जागी ऊस आला, आणि अलीकडे कंदर, चिखलठाण, शेटफळ या बाजूस केळीच्या बागा इतक्या झाल्या की येथील केळी परदेशी जातात. आता केळीचे खोड हे जवळजवळ सर्व पाणीच. ते वाळवून जाळू म्हणणाऱ्यास धुराखेरीज काही मिळत नाही. उसाचे वाडे जनावरांना जाते, चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाते, आणि शेतात उरलेले पाचट क्षणात भडकून जाणारे असल्यामुळे चुलीस निरुपयोगी ठरून फडातच पेटविले जाते. अशा रीतीने संपत्ती वाढत असताना घरचे जळण मात्र घटत गेले, ही या काठाची विलक्षण अवस्था होय. या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची युक्ती डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने काढली, तिला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, आणि मूठभर कांड्यांवर वरण, भात व भाजी एकदम शिजविणारा सराई कुकरही त्याच संस्थेने सिद्ध केला. इंधनाच्या काटकसरीचा याहून देशी आणि याहून बुद्धिमान प्रयत्न माझ्या ऐकिवात नाही. तो घरोघर पोचला नाही याची खंत वाटते.

जलाशयाने आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे मासा. रोहू, कटला, मरळ, वाम आणि सर्वांत मुबलक असा चिलापी. भिगवण आणि टेंभुर्णीच्या बाजूस महामार्गावरच्या खानावळींतून तळलेल्या माशाची थाळी ही या प्रदेशाची नवी ओळख झाली. जे तळण वर्षातून चार वेळा घरी होई ते रोजचा धंदा झाले, आणि त्याला दुसरे एक दूरचे कारणही अनुकूल होते: ऐंशीच्या दशकात शिधापत्रिकेवर मिळणारे पामोलिन १९९४ पासून खुल्या आयातीने बाजारात येऊ लागले व तेल पूर्वीच्या मानाने स्वस्त झाले. कढईतले तेल पुनःपुन्हा तापवून त्याचे विष होते, म्हणून केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून त्यातील ध्रुवीय घटकांवर शेकडा २५ ची मर्यादा घातली आहे. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ मध्ये आला, तो या गावांत सर्वदूर पोचावयास मात्र २०१६ ची उज्ज्वला योजना उजाडावी लागली. आणि तो पोचल्यावरही अंघोळीचे पाणी अंगणातल्या चुलवणावरच तापत राहिले, कारण सिलिंडर संपला की तो भरून आणण्यास रोकड लागते.

या सर्व पूर्वपीठिकेवर एअर फ्रायर ठेवून पाहावा. फ्रेड व्हान डेर वाइ या डच संशोधकाच्या कल्पनेवरून फिलिप्स कंपनीने तो २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात बाजारात आणला. वर विजेचे तापकुंडल, त्यावर वेगाने फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढीच त्याची रचना. चिलापीच्या तुकड्यांना हळद, मीठ, तिखट आणि लिंबू चोळून, ज्वारीच्या पिठात घोळवून, वरून चमचाभर तेलाचा हात फिरवून ते १८० अंशांवर ठेवले तर पंधरा-वीस मिनिटांत, मध्ये एकदा उलटल्यावर, कडा कुरकुरीत व आतला मासा रसदार असा पदार्थ होतो. कढईतल्या तुकडीचा खमंगपणा त्यास पुरता येत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आणि पातळ पिठाची भजी तर त्यात होतच नाहीत, कारण तापल्या तेलात पीठ पडताक्षणी जी कवच धरण्याची क्रिया होते ती वाऱ्याने होत नाही, पीठ जाळीतून ठिबकते. शेंगदाणे मात्र त्यात उत्तम भाजतात, आणि सोलापुरी चटणी करणाऱ्या घरास ही लहान सोय नव्हे.

आता इंधनाचा हिशेब. यंत्राची शक्ती साधारणतः १,५०० वॅट. वीस मिनिटे चालले तर फार तर अर्धे युनिट, आणि ठरलेला ताप आल्यावर वीज मधूनमधून आपोआप बंद होत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. तेच तुकडे गॅसवर कढईत तळले तर तितक्याच वेळात चाळीस-पन्नास ग्रॅम गॅस जावा. एका किलोग्रॅमची उष्णता सुमारे पावणेतेरा युनिटांएवढी धरली, तर हाही खर्च अर्ध्या युनिटाच्या थोडा वरच येतो. म्हणजे गॅसशी तुलना करता अंतर थोडे. साध्या मातीच्या चुलीशी तुलना केली तर ते प्रचंड, कारण तीत लाकडाच्या उष्णतेपैकी शेकडा दहा-पंधराच भांड्यास लागते. यंत्राची काटकसरीविषयीची कीर्ती मुळात युरोपात झाली, जेथे बटाट्याच्या चार फोडींसाठीही मोठी भट्टी आधी तापवून ठेवण्याची रीत आहे. २०२२ मध्ये तेथे वीज आणि वायू महागले तेव्हा ब्रिटनमधील घरांनी या लहान यंत्राकडे धाव घेतली ती योग्यच होती. आपल्या घरांत ती भट्टी कधी नव्हतीच, म्हणून ती बचत जशीच्या तशी आपल्या पदरात पडत नाही.

शिवाय वीज ही भिंतीतल्या खटक्यात उत्पन्न होत नाही. सोलापूरजवळ फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि त्यांना लागणारे पाणी उजनीतूनच नळाने जाते. कोळशाच्या उष्णतेपैकी तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिकच वीज होऊन बाहेर पडते, बाकीची हवेत आणि वाफेत जाते. म्हणजे अर्ध्या युनिटामागे सव्वा युनिटाची आच कोठेतरी जळालेली असते, आणि तिच्या वाफेत या काठाचे पाणी असते. ज्या वर्षी पाऊस रुसतो आणि धरण मृतसाठ्यात उतरते, त्या वर्षी काठावरच्या शेतीपंपांच्या विजेचे तास कमी केले जातात, तेव्हा हा संबंध शेतकऱ्यास सांगावा लागत नाही. घराच्या छपरावर सौर पट बसवलेल्या कुटुंबाचा हिशेब अर्थात निराळा. तेथे दुपारी चालवलेला एअर फ्रायर खरोखरच काटकसरीचा आहे.

तेलाची बचत मात्र निःसंशय आहे, आणि मधुमेह व हृद्रोग आता खेड्यांतही येऊन बसले असल्यामुळे ती क्षुल्लक नव्हे. पण या काठावरच्या घरांचे इंधन मुख्यतः कोठे जाते ते पाहिले तर भाकरी, डाळ आणि अंघोळीचे पाणी ही त्याची तीन मोठी खाती आहेत, व त्यांपैकी एकातही हे यंत्र उपयोगी पडत नाही. डाळीस प्रेशर कुकर आहे, पाण्यास सौर बंब आहे. भाकरीस अजून तवा आणि उघडा जाळच हवा. फुगण्यासाठी तिला शेवटी विस्तवासमोर उभी करावीच लागते. म्हणून चार माणसांच्या ज्या घरी आठवड्यातून दोन-तीन वेळा मासा किंवा वड्या होतात, तेथे हे यंत्र घेण्यास माझी हरकत नाही. महिन्याकाठी चार-पाच युनिटे वाढतील, आणि एकूण वापर शंभर युनिटांच्या आत असला तर ती पहिल्या, स्वस्त टप्प्याच्याच दराने आकारली जातील. ज्या घरी अद्याप अंगणात चुलवण धुमसते आहे, तेथे तेवढीच रक्कम प्रथम पाणी तापवण्याच्या सोयीवर खर्च व्हावी, कारण सकाळच्या त्या धुरात रोज बसते ती त्या घरची बाई.